माझी कुंडलिनी आणि हरणीचं आंबोण

माझी कुंडलिनी अजून जागी झालेली नाही. तिला उठवण्याच्या नादात आमच्या जळोचीच्या घरातली सगळी माणसं, शेजारचे तात्या आणि एक गाय मात्र जागी झाली, आणि ती अजूनही रोज पहाटे जागी असतात. कुंडलिनी तेवढी निवांत झोपलेली आहे.

सुरुवात रक्तदाबापासून झाली. मी बारामतीतल्या एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे. हे काम शांत माणसाचं आहे आणि मी शांत माणूस नाही. पोरं बोनाफाईड मागायला नेमकी माझा डबा उघडला की येतात, प्रिंटर कागद गिळतो, आणि साहेब केबिनमधून बेल वाजवून "काही नाही, चुकून वाजली" म्हणतात. एक दिवस डोकं गरगरलं म्हणून डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला आणि विचारलं, "फार रागावता का?"

"अजिबात नाही," मी ओरडलो.

डॉक्टरांनी पट्टा पुन्हा फुगवला.

माझी बायको सुमन सोबत होती. तिने त्याच आठवड्यात माझं नाव एका शिबिरात घातलं. कुंडलिनी योग आणि ध्यान, स्थळ मंगल कार्यालयाचा वरचा हॉल. (खाली कुणाचा तरी साखरपुडा होता, त्यामुळे आम्ही डोळे मिटून बसलो तेव्हा मसालेभाताचा वास थेट आज्ञाचक्रापर्यंत पोहोचत होता.) शिकवणाऱ्या ताई अंगभर पांढरे कपडे घालून, डोक्याला पांढरं गुंडाळून बसल्या होत्या आणि इतक्या हळू बोलत होत्या की मागच्या रांगेतल्यांना नुसतीच शांतता ऐकू येत होती.

ताईंनी नियम सांगितले. पहाटे उठायचं. गार पाण्याने अंघोळ. डोकं पांढऱ्या कापडाने झाकायचं. मग अग्निश्वास, म्हणजे पोट आत खेचून नाकातून भराभरा फुसफुस श्वास सोडायचा. मग ध्यान. हे चाळीस दिवस सलग, आणि एक दिवस जरी चुकला तरी पुन्हा पहिल्यापासून. "आणि काहीही झालं तरी डोळे उघडायचे नाहीत," ताई म्हणाल्या. "बाहेरचा आवाज येतो आणि जातो. आपण फक्त बघायचं." डोळे मिटून बघायचं कसं हे मला कळलं नव्हतं, पण विचारलं नाही. शक्ती जागी व्हायला लागली की काही साधकांना नागाचा फुत्कार ऐकू येतो, आणि पाठीच्या कण्यातून एक ऊब सरसरत वर चढते, हेही त्यांनी सांगितलं. मी ते नीट लक्षात ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून मी गच्चीवर बसू लागलो. तो माझा पहिला दिवस. त्यानंतर माझे बरेच पहिले दिवस झाले. कधी गजर वाजला नाही, कधी वाजला आणि मीच त्याच्यावर रागावलो, तर कधी बसल्या बसल्या झोप लागली आणि सुमनने खालून हाक मारली, "अहो, ध्यान घोरत करतात का?" पहिल्या दिवसाच्या बाबतीत मी आज बारामती तालुक्यात कुणालाही मार्गदर्शन करू शकेन.

त्यात शेजारचे तात्या. साखर कारखान्यातून रिटायर झालेले, पहाटे स्वतःच्या गच्चीवर मिश्री लावत उभे राहणारे. मी अग्निश्वास सुरू केला की पलीकडून आवाज यायचा, "काय दत्ताराव, सर्दी झाली व्हय?"

"ध्यान करतोय, तात्या."

"करा की. आमी कुठं आडवतोय? बरं, त्या पाटलाच्या पोरानं ट्रॅक्टर घेतला, बघितला का?"

मग मी डोळे मिटून ट्रॅक्टर बघायचो. शेवटी कंटाळून मी जागा बदलली. गच्चीवरून मागच्या बाजूला एक जिना उतरतो, तो घरामागच्या बोळात. बोळ अरुंद, पाण्याची टाकी ठेवण्यापुरता, पण तिथे मिश्री नव्हती, ट्रॅक्टर नव्हता. अडचण एकच होती. गच्ची, उगवती दिशा, मोकळं आकाश असं मी ऑफिसात आणि नातेवाइकांत इतकं रंगवून सांगितलं होतं की आता "टाकीमागे बसतो" म्हणायची लाज वाटली. म्हणून मी रोज पावलं वाजवत पुढच्या जिन्याने गच्चीवर जायचो आणि मागच्या जिन्याने मांजरासारखा बोळात उतरायचो. घरात कुणालाच पत्ता नव्हता. पुढचं सगळं रामायण या एवढ्याशा फुशारकीतून घडलं.

त्याच सुमारास निरवांगीहून फोन आला. आई पाटाच्या कडेला घसरून पडली होती आणि उजवं मनगट मोडलं होतं. आई निरवांगीला एकटी राहते. एकटी म्हणजे, ती आणि तिची गाय हरणी. वडील गेल्यापासून मी तिला जळोचीला चल म्हणून विनवत होतो आणि ती दर वेळी एकच सांगायची, "हरणीला कोण बघंल?" आता प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून ती ओट्यावर बसली होती आणि तरीही तेच सांगत होती.

"हरणीला पण आणू," मी म्हणालो. "घरामागे जागा आहे. शेड टाकतो."

आईने प्लास्टरमधला हात सावरला. "बघ बाबा. हरणी तितं रमली तर मी हाय. न्हाय रमली तर आमी दोघी माघारी. मग पुन्यांदा चल म्हनायचं न्हाय. कंदीच."

मी हो म्हणालो. हसत हसत म्हणालो, पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. आई एकदा बोलली की बोलली. आणि मोडक्या हाताने ती तिकडे एकटी राहणार, हे डोळ्यांपुढे आलं की मला रात्री झोप लागत नव्हती. (लागली ती फक्त ध्यानात.)

मी घाईघाईने घरामागे पत्र्याची शेड उभी केली. बोळाच्या कडेला पत्र्याची भिंत आणि तिला लागूनच गव्हाण. माझा चुलतभाऊ पोपट निरवांगीला आईच्या शेजारीच राहतो आणि पिकअप चालवतो. त्याने हरणीला आणून उतरवलं. काळी-पांढरी, थोराड, डोळ्यांत शाळेच्या मुख्याध्यापिकेचा भाव. तिने शेड बघितली, टाकी बघितली, मला बघितलं आणि तोंड फिरवलं.

पहिल्या संध्याकाळी तिने बरं दूध दिलं. आईचा चेहरा जरा सैल झाला. मी मनात म्हटलं, जमलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पांढरं उपरणं डोक्याला गुंडाळून बोळात बसलो आणि अग्निश्वास सुरू केला. पत्र्याच्या पलीकडे सुमन धार काढायला बसली होती, आई शेजारी उभी राहून हरणीशी बोलत होती. हे मला पूर्ण ठाऊक होतं, पण साधकाला काय त्याचं? थोड्या वेळाने पलीकडून धाडकन आवाज आला. मग बादली घरंगळली. मग सुमनची किंकाळी, मग आईचं "धर, धर, दावं धर तिचं!" आणि शेवटी पत्र्यावर एक जबरदस्त धडक. पत्रा माझ्या कानाशी थरथरत राहिला.

बाहेरचा आवाज येतो आणि जातो, मी मनाशी म्हटलं, आणि श्वासाची गती वाढवली.

दोघी चहाला आल्या. सुमनच्या साडीवर दूध होतं आणि कपाळावर शेण. "हरणीनं लाथ मारली," ती म्हणाली. "पान्हाच सोडला नाही. नुसती पत्र्याकडे कान टवकारून बघत होती."

"नवी जागा आहे," मी म्हणालो. माझ्या आवाजात एवढी स्थिरता होती की मलाच कौतुक वाटलं.

पण रोज तेच होऊ लागलं. संध्याकाळी हरणी ठीक, पहाटे नाठाळ. बादलीऐवजी तांब्या पुरायला लागला. तात्या म्हणाले दृष्ट लागली, त्यांनी लिंबू-मिरची आणून दाराला बांधली. (हरणीने मिरच्या खाल्ल्या आणि लिंबू ठेवलं.) जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी हरणीला हात लावून बघितलं आणि म्हणाले, "आजार काही नाही. जागा बदलली की होतं. आजूबाजूला जरा शांतता ठेवा."

शांतता ही माझ्या अधिकारातली गोष्ट होती. मी त्या दिवसापासून अग्निश्वास दुप्पट केला आणि त्यातून निघणाऱ्या सगळ्या लहरी मनोमन हरणीला अर्पण केल्या. पत्र्याला अगदी पाठ टेकून बसलो, म्हणजे लहरी वाया जायला नकोत.

दुसऱ्याच पहाटे हरणीने बादली चेपवली.

आणि मग नागाचा विषय निघाला. जेवताना आई हळूच म्हणाली, "सुमन, तुला आवाज येतो का गं पहाटंचा? पत्र्याच्या मागनं?"

सुमनचा घास हातात राहिला. "आत्या, तुम्हालाही येतो? मी बोलले नाही, म्हटलं तुम्ही घाबराल. फुस्स फुस्स करतंय काहीतरी."

"धामीन न्हाय ती. धामीन असा दम धरून फुसकारत न्हाय," आई म्हणाली. "नाग हाय. मोठा. म्हनून तर जनावर बिथरलंय."

मग दोघींनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही गच्चीवर असता, तुम्हाला नाही ऐकू यायचं," सुमन म्हणाली.

आता खरं म्हणजे इथेच सगळं उलगडायला हवं होतं. साधारण बुद्धीचा माणूसही म्हणाला असता, अरे, फुसफुस तर मीच करतो. पण मी साधारण राहिलो नव्हतो. माझ्या डोक्यात शिबिरातल्या ताईंचं वाक्य घंटेसारखं वाजलं: साधकांना नागाचा फुत्कार ऐकू येतो. माझा तर माझ्या घरच्यांनाही ऐकू येत होता. एवढी प्रगती शिबिरात कुणाचीच झालेली नसणार. आणि नाग खरोखरचा असलाच, तर तो माझ्या साधनेच्या ओढीने येत असणार. अंगावर काटा आला. त्यातला अर्धा आनंदाचा होता, अर्धा भीतीचा.

मी एका सर्पमित्राला बोलावलं. त्याने शेड पालथी घातली, पेंडीची पोती हलवली, टाकीखाली बॅटरी मारली, आणि बोळात माझं आसन सापडल्यावर विचारलं, "हे कुणाचं?"

"असेल कुणाचं तरी," मी म्हणालो आणि ते घडी घालून बगलेत मारलं.

साप सापडला नाही. "दिवसा तो बाहेर असेल," मी सुमनला समजावलं. "पहाटेच येतो ना?" हे मी किती खरं बोलत होतो.

एक दिवस ऑफिसातून आलो तर आईची पिशवी भरून दाराशी ठेवलेली. दोन लुगडी, औषधं, वडिलांचा फोटो, हरणीच्या गळ्यातली जादा घंटा. आईने पोपटला फोन केला होता. तो दुसऱ्या दिवशी सकाळी पिकअप घेऊन येणार होता.

"आई, अजून थोडे दिवस..."

"न्हाय रमली ती, दत्तू. मुकं जनावर हाय, तिला काय बोलता येतंय? मी शबुद दिलाय, तूबी दिलायस." ती रागाने बोलत नव्हती, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. रागावली असती तर मीही रागावलो असतो, ते मला जमतं. तिने डावा हात माझ्या पाठीवरून फिरवला आणि म्हणाली, "तुज्या घरात मला कायबी कमी पडलं न्हाय."

सुमन स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी गच्चीवर जाऊन रडलो. (त्या दिवशी खरोखर गच्चीवर.) पलीकडून तात्यांनी विचारलं, "दत्ताराव, सर्दी अजून न्हाय का गेली?"

दुसऱ्या दिवशी पहाटे मी बोळात बसलो तो निर्धार करून, आणि या खेपेला पत्र्याकडे तोंड करून. आज जी काही शक्ती असेल तिने उठावं, हरणीला शांत करावं आणि माझ्या आईला थांबवावं. मी डोळे मिटले, पोट आत खेचलं आणि आयुष्यात केला नव्हता असा अग्निश्वास केला. पत्रा घुमायला लागला. पलीकडे हरणी हंबरली. मी थांबलो नाही.

इकडे आईनेही निर्धार केला होता. आपण तर आज जाणार, पण सून रोज या बाजूला पाणी भरायला येते, तिच्या जिवाला धोका ठेवून कसं जायचं? तिने डाव्या हातात काठी घेतली, चपला काढल्या आणि आवाजाच्या रोखाने अंधारात बोळात शिरली.

मला एवढंच कळलं की माझ्या पाठीत सणकन काहीतरी झालं आणि कण्यातून एक जबरदस्त ऊब सरसरत वर चढली. अगदी शिबिरात सांगितलं होतं तशी. अखेर, मी मनात म्हटलं. माझ्या मिटल्या डोळ्यांपुढे प्रकाशही दिसला.

मग दुसऱ्यांदा झालं. कुंडलिनी दोनदा वर येते असं शिबिरात कुणी सांगितलं नव्हतं.

"आई गं!" मी ओरडलो.

काठी वरच्या वर थांबली. "आईच हाय. तू कोन?"

मी डोळे उघडले. माझी आई एका हातात प्लास्टर आणि दुसऱ्या हातात काठी घेऊन माझ्यावर उभी होती. मागून सुमन बॅटरी घेऊन धावत आली आणि तिने उजेड माझ्यावर टाकला: पांढरं उपरणं, पांढरा लेंगा, पाण्याची टाकी.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही गच्चीवर होता ना?"

यावर काय उत्तर द्यायचं असतं, हे शिबिरात शिकवलेलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. तात्यांची मिश्री, मागचा जिना, आसन, लहरी. सुमनचा चेहरा आधी पांढरा, मग लाल झाला, मग तिने पदर तोंडाला लावला. ती हसतेय की रडतेय हे बॅटरीच्या उजेडात दिसत नव्हतं. मी आईपुढे हात जोडले. "आजपासून बंद. पुन्हा नाव घेणार नाही. पण तू जाऊ नकोस."

आईचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ती पत्र्याकडे कान लावून उभी होती. पलीकडे हरणी डोक्याने पत्रा ढकलत होती.

"परत कर बरं," आई म्हणाली.

"काय?"

"त्येच. फुसफुस."

पाठ ठणकत होती, तरी मी केलं. हरणी हंबरली. मी थांबलो, ती थांबली. पुन्हा केलं, पुन्हा हंबरली. आईने काठी खाली टाकली.

"अगं बया. भ्याली न्हाय ती. आंबोन मागतीय."

मग तिने सांगितलं ते असं. निरवांगीला आई रोज पहाटे गोठ्याच्या मागे तीन दगडांवर हरणीचं आंबोण शिजवायची. भरडा, सरकी, गुळाचा खडा, वरून मिठाची चिमूट. सरपण ओलं असायचं, म्हणून फुंकणी तोंडाला लावून ती भराभरा फुंकत राहायची. हरणी दावणीत उभी राहून ती फुसफुस ऐकायची, मग गरम आंबोण पुढ्यात यायचं, आणि त्यात तोंड घातलं की पान्हा सुटायचा. इतकी वर्षं असंच. जळोचीला आम्ही तिला पोत्यातली गोळीपेंड देत होतो. ती खाऊन संध्याकाळी हरणी गुपचूप दूध द्यायची, कारण संध्याकाळी तिकडेही आंबोण नसायचं. पण पहाटे पत्र्याच्या पलीकडे कुणीतरी रोज फुंकणी फुंकतंय, बराच वेळ फुंकतंय, दुप्पट फुंकतंय, आणि आंबोण काही येत नाही. कुठल्याही बाईमाणसाने बादली चेपवली असती.

"मला कळाया पायजे हुतं," आई म्हणाली. "पन फुकनी फुकनाऱ्याला त्याचा आवाज लांबनं कसा येतो, ते कधी ऐकाया मिळतंय?"

सुमनने गॅसवर भरडा शिजत ठेवला. तेवढ्यात पोपट पिकअप घेऊन दारात आला, मागे उसाचं पाचट अंथरलेलं, दोरी तयार. "चला काकी," तो म्हणाला.

"थांब जरा. च्या घे," आई म्हणाली.

आंबोण तयार झालं, पण गॅसला फुंकर लागत नाही. मग आईने मला हरणीच्या पुढ्यात गव्हाणीजवळ पोत्यावर बसवलं. "जनावराला दिसू दे, कोन फुकतंय ते. कर." मी उपरणं सावरलं, डोळे मिटले आणि सुरू केलं. गरम, गोडसर वासाची पाटी कुणीतरी माझ्या मांडीशी ठेवली. हरणीचा ओला श्वास माझ्या तोंडावर आला. मग उपरणं घसरलं आणि तिची जीभ माझ्या टकलावरून फिरली, कानापासून कानापर्यंत. मी डोळे उघडले नाहीत. आणि मग बादलीत धारेचा आवाज सुरू झाला. आधी कोरडा, टणक, मग भरीव. तो थांबेचना.

डोळे उघडले तेव्हा बादलीवर फेस आला होता. आई हरणीच्या पाठीवर गाल टेकून उभी होती आणि पोपट चहाची बशी हातात धरून माझ्याकडे बघत होता.

"दत्तूदादा, हे कुठं शिकलास?"

"शिबिरात."

"गाय बांधली हुती व्हय तितं?"

आईने पिशवीतून वडिलांचा फोटो काढला आणि भिंतीतल्या देवळीत ठेवला. पिकअप रिकामी माघारी गेली. रिकामी म्हणजे, पोपटने ती गोष्ट मात्र भरून नेली. निरवांगीत, आणि तिथून वरकुट्याला माझ्या बहिणीच्या सासरी, आता माझी ओळख हेडक्लार्क अशी राहिलेली नाही.

तेव्हापासून माझा नियम चुकत नाही. चुकूच शकत नाही. एकदा गजर बंद करून झोपलो, तर सुमन दाराशी येऊन म्हणाली, "उठा, हरणी खोळंबलीय." गजरावर रागावता येतं, गाईवर काय रागावणार? सुट्टी असो, लग्नकार्य असो, मी पांढरं गुंडाळून गव्हाणीपुढे हजर. तात्या गच्चीवरून विचारत नाहीत आता, ते खाली येऊन बघतात. चाळीस दिवस कधी होऊन गेले ते मला कळलंच नाही. डॉक्टरांनी पट्टा फुगवला, आकडा बघितला, आणि पट्टा बिघडलाय का म्हणून स्वतःला लावून बघितला.

"काय करता सध्या?"

"पहाटे गाईपुढे बसतो."

डॉक्टरांनी ते तसंच कागदावर लिहून घेतलं.

आईचं प्लास्टर निघालं त्या दिवशी मला धाकधूक होती. आता हात बरा झाला, आता ती परत जाईन म्हणेल. ती मनगट फिरवत हरणीजवळ गेली आणि म्हणाली, "रमलीय आता. हलवाया नगं." मी आत जाऊन तोंड धुतलं.

एवढं सगळं सुरळीत चाललं असताना परवा मला सणकून ताप भरला. पहाटे उठवेना. डोळे मिटून पडलो होतो तर खिडकीतून आवाज आला, फुस, फुस, फुस. मला वाटलं, मी तापात झोपेतच सुरू केलं की काय. पण आवाज शेडमधून येत होता. पाठोपाठ बादलीत धार वाजायला लागली.

"आत्या, हे बेस झालं," सुमन म्हणत होती. "सायकलचा जुना पंप. आता ह्यांना उठवायलाच नको."

"गप गं," आईचा दबका आवाज. "पंप माळ्यावर ठिवून दे. दत्तूला कळू देऊ नगं. त्याला वाटतंय, त्याच्याबिगर हरनी दूध देत न्हाय, म्हनून तर उठतोय. त्याच्यामुळंच डोकं थंड हाय त्याचं."

"पण आज दूध जरा जास्तच दिसतंय."

"ते तर आजाबात सांगू नगं."

मी डोळे उघडले नाहीत. बाहेरचा आवाज येतो आणि जातो, आपण फक्त बघायचं.

दुसऱ्या दिवशी अंगात कणकण असूनही मी वेळेवर उठलो, गार पाण्याने अंघोळ केली आणि गव्हाणीपुढे जाऊन बसलो. एक दिवस चुकला होता, म्हणजे नियमाप्रमाणे पुन्हा पहिला दिवस. पण या खेपेला मी पोट जरा जास्तच आत खेचलं. इतके दिवस मला फक्त स्वतःवर मात करायची होती, आता पंपावर करायची आहे.